भरड मासे आणि पाण्याची मालकी

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातल्या माशांचे दोन वर्ग पाडले गेले आहेत. सॅमन आणि ट्राउट हे 'गेम' मासे, म्हणजे खानदानी शिकारीचे मासे. उरलेले सगळे, म्हणजे रोच, ब्रीम, टेंच, चब, पर्च, पाइक, बार्बेल, कार्प, हे 'कोर्स' मासे. कोर्स म्हणजे भरड, जाडेभरडे. हे भरड मासे गळाने धरण्याला 'कोर्स फिशिंग' म्हणतात. आजही तिथली लाखो साधी माणसे रविवारी सकाळी कालव्याच्या किंवा तळ्याच्या काठी हेच करत बसलेली असतात.

हा भेद जीवशास्त्राने केलेला नाही. ग्रेलिंग नावाचा मासा पाहा. कुळाने तो सॅमनच्या घराण्यातला. पण त्याची वीण वसंतात होते, म्हणून बंदी हंगामाच्या नियमात त्याला भरडांच्या पंगतीत बसवले आहे. म्हणजे कोण उच्च आणि कोण भरड हे माशाच्या अंगात लिहिलेले नसते. ते काठावर उभ्या असलेल्या माणसाने ठरवलेले असते, आणि काठ कोणाच्या मालकीचा आहे यावर ते अवलंबून असते.

आपल्या वाचकांना हे समजायला वेळ लागणार नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी यांना सरकारी दप्तरात पिढ्यानपिढ्या 'भरड धान्य' म्हटले गेले. ज्यांच्या ताटात गहू-तांदूळ येत नव्हता त्यांचे ते अन्न. २०२३ साल आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, त्याच धान्याला 'श्री अन्न' असे नाव मिळाले आणि शहरातल्या दुकानात त्याची चकचकीत पाकिटे दिसू लागली. दाणा तोच होता, खाणारा बदलला. नाव देण्याची सत्ता ज्याच्या हाती असते तोच अन्नाची प्रतही ठरवतो. माशांच्या बाबतीत इंग्लंडमध्ये हेच झाले. पण तिथे पुढे आणखी काहीतरी घडले, आणि आम्हाला बोलायचे आहे ते त्याबद्दल. ज्यांच्या वाट्याला भरड मासे आले त्या कामगारांनी त्या हिणवल्या गेलेल्या पाण्यावर संघटना उभी केली, कायदा मिळवला, नदीचे हक्क विकत घेतले आणि पुढे त्या हक्काच्या जोरावर कारखान्यांना कोर्टात हरवले.

क्रमाने पाहू. एकोणिसाव्या शतकात वेगाने वाहणाऱ्या स्वच्छ नद्या, ज्यात सॅमन आणि ट्राउट राहतात, त्यांचे काठ जमीनदारांच्या ताब्यात होते. त्यांच्या माशांसाठी संसदेने १८६१ साली सॅमन मत्स्य कायदा केला. भरड माशांना मात्र विणीच्या हंगामातही संरक्षण नव्हते. ते मासे होते संथ नद्यांत, कालव्यांत, गिरण्यांच्या तळ्यांत, आणि ते धरणारे होते पोलादाच्या भट्टीवर, कोळशाच्या खाणीत, कापडाच्या मागावर राबणारे लोक. ज्याला कोणी वाली नाही त्या माशासाठी कायदा करायला कोण पुढे येणार?

शेफील्डचे कामगार पुढे आले. शेफील्ड हे सुऱ्या-चाकू घडवणाऱ्यांचे शहर. तिथे दारूच्या गुत्त्यागुत्त्यात मासेमारीचे क्लब होते. आठवड्याला थोडी थोडी वर्गणी जमवायची आणि सुटीच्या दिवशी आगगाडीने नदी गाठायची, असा त्यांचा शिरस्ता. विणीच्या दिवसांत मासे मारले तर पुढच्या वर्षी नदी रिकामी होईल, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. त्यांनी आपल्या खासदाराकडे, ए. जे. मुंडेला यांच्याकडे, मागणी लावून धरली आणि १८७८ साली गोड्या पाण्यातील मत्स्य कायदा झाला. लोक त्याला मुंडेला कायदाच म्हणत. १५ मार्च ते १५ जून भरड मासे धरायचे नाहीत असे त्यात ठरले. इंग्लंडच्या नद्यांवर तो बंदी हंगाम थोड्याफार फरकाने आजही पाळला जातो आणि १६ जून हा दिवस तिथे सणासारखा मानतात. म्हणजे ज्यांना अडाणी, अधाशी समजले जात होते, त्यांनीच स्वतःवर बंदी घालून घेणारा कायदा मागितला. निसर्ग राखण्याची अक्कल फक्त अभिजनांना असते, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

पुढे १९०३ साली या क्लबांनी आपला राष्ट्रीय महासंघ स्थापन केला आणि १९०६ पासून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. पण स्पर्धांपेक्षा महत्त्वाचे काम दुसरेच होते. हे क्लब जमीनदारांकडून नदीच्या पट्ट्यांचे मासेमारीचे हक्क भाड्याने किंवा कायमचे विकत घेऊ लागले. इंग्लंडच्या कायद्यात नदीतले मासे धरण्याचा हक्क ही मालमत्ता आहे. तिचे खत होते, ती विकता येते, ती हिरावली तर दावा लावता येतो. पेनी-पेनी जमवणाऱ्या कामगारांच्या हातात असे कागद आले. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्या कागदावर उभे आहे.

आता 'स्पेसिमेन' या शब्दाकडे येऊ. स्पेसिमेन मासा म्हणजे आपल्या जातीत असामान्य मोठा झालेला मासा. त्याची मापे ठरलेली आहेत, पण ती जातीजातीला वेगळी. रोच दोन पौंडांचा मिळाला तर माणूस आयुष्यभर त्याची आठवण सांगतो. चब पाच पौंडांचा, बार्बेल दहाचा, पाइक वीसचा. आणि जाणकार आणखी एक गोष्ट सांगतात. मोठेपण पाण्याच्या संदर्भातच मोजायचे असते. एखाद्या गढूळ, दाटीवाटीच्या कालव्यात एक पौंडाचा रोच हाही स्पेसिमेनच, कारण त्या पाण्यात तेवढे वाढणे हीच मोठी गोष्ट. आम्हाला हे माप फार न्याय्य वाटते. झोपडपट्टीतल्या शाळेतून सत्तर टक्के मिळवणारी मुलगी आणि शिकवण्यांच्या कुशनवर बसून नव्वद मिळवणारा मुलगा यांना एकाच तराजूत घालून 'मेरिट'च्या गप्पा मारणाऱ्यांनी हे माप शिकून घ्यावे. पाणी न बघता मासा मोजता येत नाही.

स्पेसिमेन मासेमारीचा इतिहास सांगताना १३ सप्टेंबर १९५२ या तारखेशी थांबावेच लागते. हेरफर्डशायरमधल्या रेडमायर नावाच्या जेमतेम तीन एकरांच्या तळ्यात रिचर्ड वॉकर या इंजिनिअरने ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोंचा कार्प धरला. त्याआधीचा विक्रम ३१ पौंडांच्या घरात होता. मोठा कार्प गळाला लागतच नाही, तो नशिबाचा खेळ आहे, अशी तोवर समजूत होती. वॉकरने ती समजूत तपासून पाहिली. पाण्याचे तापमान, वारा, माशांच्या चरण्याच्या वेळा यांच्या नोंदी ठेवल्या, मासा आमिषाला लागला की वाजणारी विजेची घंटा तयार केली, आणि रात्रीच्या अंधारात साध्या पावाच्या आमिषावर तो मासा काढला. तो मारला नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला दिला. तिथल्या मत्स्यालयात 'क्लॅरिसा' या नावाने तो १९७१ पर्यंत जगला आणि लोक त्याला रांगा लावून बघत. गंमत अशी की इंग्रजांच्या अभिमानाचा हा मासा मुळातला इंग्रज नव्हता. कार्प ही जात मध्ययुगात युरोपातून तिथे आली, आणि रेडमायरचे कार्प तर १९३४ साली बाहेरून आणून सोडलेले होते. 'स्थानिक पाण्याचा राजा' म्हणून मिरवणारा हा स्थलांतरिताचा वंशज.

एक भरड मासा देशाचा नायक झाला. तो कसा झाला? दैवावर हवाला ठेवणे सोडून निरीक्षण केले म्हणून. बुद्धाने सांगितलेला कार्यकारणभाव आम्ही विहारात शिकवतो, तोच तळ्याच्या काठावर लागू होतो. कारण शोधा, मग परिणाम हाती येतो.

पण कामगारांच्या क्लबांची खरी कमाई माशांच्या वजनात नाही. ती डर्वेंट नदीच्या खटल्यात आहे. १९४८ साली जॉन ईस्टवुड या बॅरिस्टरच्या पुढाकाराने गळ टाकणाऱ्यांची एक सहकारी संस्था स्थापन झाली, अँगलर्स को-ऑपरेटिव्ह असोसिएशन. तिचे काम एकच होते. कोणी नदी घाण केली तर क्लबांच्या वतीने दावा लावायचा. डर्बी शहराजवळ डर्वेंट नदीची तेव्हा अशी अवस्था होती की कृत्रिम रेशमाचा कारखाना त्यात रसायने सोडत होता, नगरपालिका अर्धवट प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडत होती आणि वीजनिर्मिती केंद्र गरम पाणी सोडत होते. मासे मेले होते. 'प्राइड ऑफ डर्बी' नावाच्या स्थानिक क्लबाने ब्रिटिश सेलनीज कंपनी, डर्बीची नगरपालिका आणि सरकारी वीज प्राधिकरण या तिघांवर एकदम दावा लावला. नगरपालिकेने बचाव केला की शहर वाढले, आम्ही तरी काय करणार? कोर्टाने तो मानला नाही. १९५२ साली मनाई हुकूम मिळाला, १९५३ साली अपील कोर्टाने तो कायम केला.

एक बलाढ्य कंपनी, एक नगरपालिका आणि एक सरकारी प्राधिकरण, समोर एक मासेमारीचा क्लब. तरी क्लब जिंकला, कारण त्याच्याकडे कागद होता. 'नदी आमची आई आहे' असे तो म्हणाला असता तर न्यायाधीशांनी सहानुभूतीने ऐकून घेतले असते आणि घरी पाठवले असते. तो म्हणाला, या पट्ट्यातले मासे धरण्याचा हक्क आमचा आहे आणि तुम्ही आमच्या मालमत्तेचे नुकसान केले आहे.

हीच परंपरा पुढे चालली. त्या संस्थेचा वारसा सांगणाऱ्या 'फिश लीगल' या संघटनेने खासगी पाणी कंपन्यांकडे सांडपाण्याची माहिती मागितली. आम्ही खासगी आहोत, माहिती देणार नाही, असे कंपन्या म्हणाल्या. हा वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१५ साली ब्रिटिश न्यायाधिकरणाने निकाल दिला की पर्यावरणाच्या माहितीपुरत्या या कंपन्या सार्वजनिक प्राधिकरणच आहेत. आपल्याकडे माहितीच्या अधिकाराचे अर्ज घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणाऱ्या कार्यकर्त्यांना या निकालाची किंमत सांगायला नको.

आपल्या चळवळीला पाणी आणि कोर्ट हे नाते नवे नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे प्रत्येकाला ठाऊक असते. पण त्यानंतर त्या तळ्याच्या मालकीचा दावा दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला, हे किती जणांच्या लक्षात असते? ओंजळ हे प्रतीक झाले. निकाल हा हक्क झाला. चळवळीला दोन्ही लागतात. त्याच महाड तालुक्यात वाळणकोंडीच्या डोहात मोठमोठे महाशीर मासे देवीचे म्हणून राखले जातात, भाविक त्यांना खाऊ घालतात. मासे राखले गेले याचा आम्हाला आनंदच आहे. पण माशाला पाण्यात अभय आणि माणसाला पाण्याला स्पर्शाची बंदी, असा काळ याच तालुक्याने पाहिला आहे, हे विसरून निसर्गप्रेमाच्या गोष्टी करता येत नाहीत.

इंग्लंडचे सगळे गोडच आहे असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या माशाच्या वेडाने तिथल्या भरड मासेमारीतही पैशाची नवी उतरंड आणली आहे. मोठा कार्प आता हजारो पौंडांना विकला जातो, तळ्याभोवती कुंपण पडते, ठरावीक सभासदांनाच आत प्रवेश मिळतो. ज्या कामगाराच्या आजोबाने पेनी भरून नदी विकत घेतली, त्याच्या नातवाला अशा तळ्यावर काठी लावणे परवडत नाही. आणि दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. २००४ नंतर पोलंड आणि पूर्व युरोपातून कामगार मोठ्या संख्येने तिथे गेले. त्यांच्याकडे कार्प हा नाताळच्या जेवणातला मासा. ते धरत आणि खात. तिथल्या धरून सोडणाऱ्यांना हा गुन्हा वाटला. वर्तमानपत्रांनी 'मासेचोर' म्हणून बोंब मारली. काही जण नियम मोडत होते हे खरे. नियमही आहे. २०१० पासून इंग्लंडच्या नद्यांतून दिवसाला वीस सेंटिमीटरपर्यंतचे पंधरा छोटे मासे, पासष्ट सेंटिमीटरपर्यंतचा एक पाइक आणि दोन मध्यम ग्रेलिंग एवढेच घरी नेता येतात. पण शिवी नियम मोडणाऱ्याला पडली नाही, ती 'खाणाऱ्या'ला पडली. एकेकाळी भरड म्हणून हिणवले गेलेले लोक नव्याने आलेल्यांना हिणवू लागले. श्रेणीबद्ध विषमतेचे हेच वैशिष्ट्य बाबासाहेबांनी दाखवून दिले होते. प्रत्येक पायरीवरच्याला खाली बघायला कोणीतरी मिळते, म्हणून जिना मोडत नाही. सुदैवाने तिथल्या अँगलिंग ट्रस्टने 'बिल्डिंग ब्रिजेस' नावाचा उपक्रम काढून स्थलांतरितांना क्लबांत आणण्याचे काम केले. शहाणपणाची वाट तीच आहे.

इथे एक प्रश्न आमच्यातलेच लोक विचारतील, आणि तो टाळणे बरे नाही. पंचशील घेणाऱ्या माणसाने या खेळाबद्दल काय म्हणावे? प्राण्याच्या ओठात गळ रुतवायचा, वजन करायचे, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचे, ही करुणा की क्रूरता? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांत भेद केला आहे. त्या कसोटीवर पाहिले तर चुलीसाठी मासा धरणारा ढिवर आणि फोटोसाठी मासा धरणारा शौकीन यांत नैतिकदृष्ट्या शौकीन वरचढ ठरत नाही. 'मी तर सोडून देतो' एवढ्याने तो अहिंसक होत नाही. वेदना तर त्याने खेळासाठी दिलेलीच असते. पण म्हणून बंदी घाला असे आम्ही म्हणणार नाही. कारण बंदीची मागणी आपल्या देशात कोणाच्या तोंडून येते आणि शेवटी कोणाच्या ताटावर येऊन पडते हे आम्ही पाहिले आहे. मासे खाणाऱ्याला अपवित्र ठरवणारा शाकाहार आणि मासे खाणाऱ्याला चोर ठरवणारी शौकाची मासेमारी, दोघांचे बोट एकाच माणसाकडे असते.

आता आपल्या पाण्याकडे या. गळाचा हा शौक इंग्रजांनी इथे आणला. एच. एस. थॉमस या मद्रास इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिले. साहेबाला इथे सॅमन मिळत नव्हता, म्हणून त्याने महाशीरला सॅमनच्या गादीवर बसवले. १९४६ साली म्हैसूरकडच्या काबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर काठीने धरला गेला, त्याची कहाणी शौकीन अजून सांगतात. आज कावेरीच्या खोऱ्यातला तो कुबडा महाशीर अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. महाराष्ट्रात टाटांच्या लोणावळ्याच्या वळवण केंद्रात १९७०च्या दशकापासून महाशीरची पिल्ले तयार केली जातात. पवई तलावावर गळ टाकणाऱ्यांची संघटनाही कित्येक दशकांची आहे.

कावेरीची गोष्ट आमच्या मुद्द्यासाठी सर्वांत महत्त्वाची. तिथे शौकिनांच्या छावण्या उभ्या राहिल्या. परदेशी पाहुणे यायचे, महाशीर धरून सोडायचे, पैसे मोजायचे. आसपासच्या गावांतल्या काही माणसांना, ज्यांत पूर्वी चोरून मासे मारणारेही होते, वाटाडे आणि पहारेकरी म्हणून काम मिळाले. सुरुंग लावून मासे मारण्याला आळा बसला. मग वन्यजीव कायद्याचा आधार घेऊन अभयारण्यातली गळाची मासेमारी बंद झाली. हे बरोबर की चूक यावर शौकीन आणि वनखाते अजून भांडतात. आम्ही वेगळा प्रश्न विचारतो. बंदी आली तेव्हा त्या गावकऱ्यांच्या हातात काय उरले? काहीच नाही. कारण ते नोकर होते, सभासद नव्हते. नदीवर त्यांचा कागद नव्हता. शेफील्डचा कामगार आणि कावेरीचा वाटाडा यांच्यातला फरक कौशल्याचा नाही. डोहात मासा कुठे बसतो, पाणी चढले की कुठे सरकतो, हे वाटाड्याला वॉकरइतकेच कळत होते. फरक हक्काचा होता.

आम्ही पूर्व विदर्भात काम करतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे तलावांचे जिल्हे. इथल्या माजी मालगुजारी तलावांवर, लोक ज्यांना मामा तलाव म्हणतात, ढिवर समाज पिढ्यानपिढ्या मासेमारी करतो. मत्स्य सहकारी संस्था आहेत, तलाव ठेक्याने मिळतात. ऐकायला हे शेफील्डच्या क्लबासारखे वाटते. पण ठेका मुदतीचा. पाणी दुसऱ्या खात्याचे, गाळपेरा तिसऱ्याचा, आणि तलावात शेतातली औषधे वाहून आली तर दावा कोणी कोणावर लावायचा याचा पत्ता नाही. मागे एका जलाशयाच्या काठावर पर्यटनाच्या नावाने 'गळाचा आनंद घ्या' अशी पाटी लागली आणि तिथेच जाळे टाकणाऱ्या बायांना हुसकावले गेले. त्यांना आम्ही विचारले तेव्हा एक बाई म्हणाली, "त्याइच्या काठीले फी, अन आमच्या जाळ्याले दंड." एवढ्या थोडक्या शब्दांत आम्हाला एम. ए.च्या वर्गात कोणी वर्गसंबंध समजावून सांगितले नव्हते.

आणि माशांची उतरंड? तीही आहे. आपल्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत कटला, रोहू, मृगळ हे 'मेजर कार्प', म्हणजे प्रमुख. काही 'मायनर', म्हणजे दुय्यम. आणि तलावातली बारीक मासळी ही 'वीड फिश', म्हणजे तण! संवर्धनाच्या तळ्यात प्रमुख माशांची पिल्ले सोडण्याआधी हे 'तण' मारून टाकायला सांगतात. त्यासाठी हेक्टरी दोन-अडीच हजार किलो मोहाची पेंड टाकण्याची शिफारस असते. शेततळ्यात पैशासाठी कोणी हे केले तर ते व्यवसायाचे गणित आहे, ते आम्हाला समजते. पण शब्दाने जे नुकसान होते ते तळ्यापुरते राहत नाही. ज्या मासळीला खातेच तण म्हणते, तिची नोंद होत नाही, तिची घट मोजली जात नाही, तिच्यासाठी योजना निघत नाही. मोला नावाचा बोटाएवढा मासा पाहा. तो डोक्या-काट्यासकट खाल्ला जातो आणि त्यातून मिळणारे अ जीवनसत्त्व व कॅल्शियम मोठ्या कार्पच्या तुकड्यातून मिळत नाही. मोठा मासा बाजारात जातो, बारीक मासळी घरच्या कालवणात पडते. म्हणजे ज्याला तण म्हणून मारले जाते ते गरोदर बाईच्या आणि वाढत्या लेकराच्या ताटातले औषध आहे. कुपोषणावर पाकिटे वाटणाऱ्या सरकारने आधी हे तण वाचवावे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, ज्या पाण्यावर एखादा समाज पोटासाठी मासेमारी करतो, तिथे शौकाच्या मासेमारीला परवानगी द्यायची की नाही, कोणत्या महिन्यात द्यायची आणि फी किती घ्यायची, हे त्या समाजाच्या संस्थेने ठरवावे आणि फी तिच्याच खात्यात जावी. शौकीन पाहुणा म्हणून यावा, मालक म्हणून नाही. दुसरी, संस्थेच्या ठेक्यात पाण्याच्या गुणवत्तेचा हक्क स्पष्ट लिहिलेला असावा, म्हणजे तलाव घाण करणाऱ्यावर संस्थेला थेट दावा लावता येईल. डर्वेंटच्या क्लबाने केले ते आमच्या ढिवर संस्थेला का करता येऊ नये? तिसरी, 'तणमासे' हा शब्द सरकारी पुस्तकांतून जावा, आणि प्रत्येक तलावातल्या देशी माशांची नोंद तिथल्याच मच्छीमारांनी, त्यांच्या बोलीतल्या नावांनी करावी. आणि चौथी मागणी आपल्याच माणसांकडे आहे. संस्थांमध्ये बायांना सभासद करा. जाळे विणणारी, मासळी विकणारी, बाजारात पोलिसांशी भांडणारी ती, आणि सभासदाच्या यादीत नाव नवऱ्याचे, हे चालणार नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा माशावरून केवढा प्रपंच! शेफील्डच्या चाकू घडवणाऱ्यांनाही १८७८ च्या आधी असेच म्हटले गेले असेल. पण भरड म्हणवणाऱ्या माशासाठी ते एकत्र आले, वर्गणी काढली, कागद केला, आणि पाऊणशे वर्षांनी त्या परंपरेतल्या एका क्लबाने नदी स्वच्छ करायला कंपनीला भाग पाडले. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आम्ही भिंतीवर लिहितो. तलावाच्या काठावर त्याचा अर्थ असा होतो. मासे ओळखा, संस्था बांधा, आणि सातबारा, ठेका, नकाशा यांतला प्रत्येक कागद आपल्या नावाचा होईपर्यंत कचेरी सोडू नका.

जय भीम.